दार मुख्य रस्त्यावरच

बर्फाचा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली होती, की मुख्य रस्त्यावरच्या दुकानदारांना ती जागा म्हणजे नुसती एक लांबलचक भिंत वाटायची. भिंतीवर जाहिराती चिकटायच्या, फाटायच्या, त्यांच्यावर नव्या चिकटायच्या. आत काय आहे याची कुणाला फिकीर नव्हती. मग एके दिवशी त्याच भिंतीवर नगरपालिकेची नोटीस लागली. इथे भाड्याच्या घरांची चार मजली इमारत होणार. निम्मी घरं कमी पगाराच्या कुटुंबांसाठी आणि निम्मी मनोरुग्णालयातून बरे होऊन बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी. त्या दिवसापासून अख्ख्या रस्त्याला त्या भिंतीबद्दल मत फुटलं.

इमारतीची आर्किटेक्ट याच रस्त्यावर लहानाची मोठी झालेली. साइटवरचे मिस्त्री, ऑफिसातली मंडळी, नगरपालिकेतले कारकून, सगळे तिला ताईच म्हणत. खरा हक्क मात्र एकाचाच होता, तिच्या धाकट्या भावाचा. तो जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता म्हणून घरात त्याचं नाव टिल्लू पडलं. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका उंच झाला, पण नाव काही वाढलं नाही. टिल्लू शाळेत भूगोल शिकवायचा. ऐन तारुण्यात आजार आला. नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, नोकरी गेली. रुग्णालय, औषधं, चांगली वर्षं, मधूनच वाईट महिने. आईवडील गेल्यावर तो ताईकडे राहायला आला. ताईचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातला बराच काळ समुद्रातच. त्यामुळे घरात ताई, तिची कॉलेजात जाणारी लेक, आणि बाहेरच्या खोलीत पडद्यामागे टिल्लू.

इमारत बांधणारी संस्था एका निवृत्त नर्सची होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. उभं आयुष्य तिने मनोरुग्णांच्या वॉर्डात काढलं होतं. तिचा राग एकाच गोष्टीवर होता: माणूस बरा होतो, डॉक्टर सही करतात, आणि तरी तो वॉर्डातच पडून राहतो, कारण बाहेर त्याला कुणी खोली भाड्याने देत नाही. नातेवाईक फोन उचलत नाहीत, घरमालक दार लावून घेतात.

"औषध आम्ही दिलं," सिस्टर म्हणायची. "आता जगानं नुसती एक किल्ली द्यावी. तीही देववत नाही लोकांना!"

ताईने नकाशा कितीदा काढला आणि कितीदा खोडला याला मोजदाद नाही. घरं लहान, पण प्रत्येकाला दोन बाजूंनी खिडक्या, म्हणजे वारा एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडेल आणि विजेचा खर्च आवाक्यात राहील. कारखान्याच्या जाडजूड भिंती जमतील तेवढ्या तिने तशाच ठेवल्या. ज्यांनी बर्फ वितळू दिला नाही त्या भिंती उन्हाळ्यात माणसांनाही सांभाळतील, असं तिचं म्हणणं. ज्या पाडाव्या लागणार होत्या त्यांच्या विटा जिन्याला वापरायच्या होत्या. पावसाचं पाणी तळघरातल्या जुन्या टाकीत जाणार होतं. भाडं प्रत्येकाला त्याच्या कमाईत झेपेल एवढंच. मधोमध अंगण, चारी बाजूंनी गॅलऱ्या आणि प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडणारी.

या खिडकीवरून दोघींची बरीच जुंपली होती.

"एखाद्याने दोन दिवस खिडकी उघडली नाही, तर शेजाऱ्याच्या लक्षात यायला हवं," सिस्टर म्हणाली.

"पण शेजाऱ्याला आतलं दिसता कामा नये," ताई म्हणाली.

"ते कसं जमवायचं ते तू बघ. मी नर्स आहे."

ताईने जमवलं. खिडकीची खालची कड उंच घेतली, गॅलरी हातभर खाली उतरवली. उघडी खिडकी दिसेल, आतला माणूस नाही. तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, सगळ्यांनी बसायची मोठी खोली ठेवली, तिला मोठमोठ्या काचा, आणि शेजारीच समुपदेशकाची खोली; कुणाचं बिनसलं तर जिना उतरून जायचं, गाडी करून रुग्णालय गाठायचं नाही. आणि मुख्य रस्त्यावर दार. रुंद, सगळ्यांसाठी एकच. बसकंडक्टरचं कुटुंब असो, झाडूवाली असो, नाहीतर वॉर्डातून आलेला माणूस असो.

या दाराने सगळं पेटलं.

रहिवासी संघाचे अध्यक्ष म्हणजे समोरच्या बाजूचे दातांचे डॉक्टर. माणूस गोड बोलणारा, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी हरकत नोंदवली ती इमारतीला नव्हे, दाराला. मुख्य रस्त्यावर दार नको, ते मागच्या बोळात घ्यावं. आता ही जागा नगरपालिकेची. ठरल्या मुदतीत नकाशा मंजूर झाला नाही तर ती परत जाणार आणि तिथे गाड्यांचं पार्किंग होणार, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना घाई नव्हतीच. घाई संस्थेला होती.

अशातच ताईची दाढ दुखायला लागली. अर्धं तोंड सुजलं. दुसरीकडे जायला वेळ नव्हता, आणि लहानपणापासून दात दाखवले ते याच डॉक्टरांना. शेवटी गेली. खुर्चीत आडवी झाली, इंजेक्शन घेतलं, अर्धी जीभ लाकडासारखी झाली.

"आ कर," डॉक्टर म्हणाले आणि दिवा ओढून घेतला. "इमारतीला माझा विरोध नाही हं. गैरसमज नको."

"आँ," ताई म्हणाली.

"लोक घाबरतात गं. म्हातारी माणसं आहेत, लेकीसुना आहेत. मी त्यांना समजावलं. म्हटलं, ताई आपलीच पोर आहे, ऐकेल. जरा आणखी उघड. दार मागे घे आणि पुढच्या त्या काचा धुरकट करून टाक. बाकी तुझा वारा, तुझं पाणी, तुझ्या विटा, काय हवं ते कर. संघ हरकत मागे घेईल, उद्याच्या उद्या."

ताईच्या तोंडात आरसा, चिमटा आणि लाळ ओढणारी नळी होती. तिने फक्त नाकाने जोरात श्वास सोडला.

"आणि टिल्लूचंही मार्गी लागेल."

ताईचे डोळे गर्रकन वळले.

"त्याने घरासाठी अर्ज केलाय ना? परवा दात साफ करून घ्यायला आला होता, स्वतःच सांगत होता. खुशीत होता बिचारा. आता कामावरच्या माणसाच्या नातेवाइकाला तिथं घर मिळत नाही, असा नियम आहे म्हणतात. मी कशाला बोलू? संघाला त्यात पडायचं नाही. पण दार पुढेच राहिलं तर लोक विचारणारच, की ही बाई घरं नक्की कुणासाठी बांधतेय? चूळ भर."

ताईने चूळ भरली. थुंकली. पुन्हा भरली. टिल्लूने अर्ज केल्याचं तिला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, पण ते या माणसाला कळू द्यायचं नाही एवढं भान तिला होतं.

"दाल पुलेच लाहनाल," ती म्हणाली.

"काय?"

तिने बोटांनी गाल चेपला, जीभ कशीबशी वळवली. "दार. पुढेच. राहणार."

"इंजेक्शन उतरू दे, मग बोलू."

"उतरल्यावरही हेच बोलणार. जरा स्पष्ट ऐकू येईल, एवढंच."

दाढेत कच्चं सिमेंट भरून, पुढची वेळ न घेता ती बाहेर पडली.

घरी टिल्लू इस्त्री करत होता. घरातली इस्त्री तोच करायचा, आणि लेकीच्या मैत्रिणीसुद्धा तिच्या ओढणीची घडी बघून विचारायच्या की लाँड्री कुठली.

"तू घरासाठी अर्ज केलास?" ताईने चप्पलही काढली नव्हती.

"केला." इस्त्री चालूच होती.

"मला सांगितलं नाहीस."

"रुग्णालयातल्या समाजसेविकेने अर्ज दिला, मी भरला. माझं नाव, माझी सही. तुला काय सांगायचं? मिळालं की सांगणार होतो."

"टिल्या, नाही मिळणार. मी आर्किटेक्ट आहे ना तिथली. नियम आहे."

टिल्लूने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. हा नियम त्याला कुणी सांगितला नव्हता. अर्धी इस्त्री झालेला कपडा त्याने घडी न घालताच बाजूला सारला.

"इथे काय कमी आहे तुला?" ताईने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला वाटलं की हे विचारायला नको होतं.

"काही कमी नाही. तेच तर. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर तुम्ही दोघी आधी माझ्याकडे बघता, मग भांड्याकडे. मी जरा जास्त हसलो तर तू गोळ्यांची पट्टी तपासतेस. चूक नाही गं तुमची. पण मला माझ्या घरात माझं भांडं पाडायचंय, ताई. आणि कुणी धावत येऊ नये."

ताईने चप्पल काढली, खाली बसली. मग तिने डॉक्टरांची सगळी बोली त्याला सांगितली. दार मागे घेतलं तर संघ तोंडात मिठाची गुळणी धरेल. नाही घेतलं तर त्याच्या अर्जाचा डांगोरा पिटेल.

"बोळ दाखव मला," टिल्लू म्हणाला.

"तुला माहीत नाही बोळ?"

"लहानपणी क्रिकेटचा चेंडू आणायला जायचो. राहायला जायच्या नजरेने नाही बघितला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं गेली. बोळात ऊन यायचंच नाही. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी: गळके पाइप, जाळ्या लावलेली न्हाणीघरांची भोकं, हॉटेलाचे कचऱ्याचे डबे. कचऱ्याची गाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. कुणाची खिडकी नाही, कुणाचा ओटा नाही. टिल्लू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, वळून परत आला. वाकून, कारण एक पाइप नेमका त्याच्या कपाळाच्या उंचीला होता.

"इथे एखादा पडला तर कुणाला कधी कळेल?" त्याने विचारलं.

"कचऱ्याची गाडी आली की."

"हं." तो बोळाच्या तोंडाशी, उन्हात येऊन उभा राहिला. "म्हणजे दार पुढे हवं असेल तर मी बाहेर, आणि मी आत हवा असेन तर दार मागे. छान! परीक्षेत असा प्रश्न घातला असता तर पोरांनी मला फळ्याला बांधलं असतं."

"मी काम सोडते," ताई म्हणाली. "मी नसले की नियम लागू होत नाही."

"आणि मग दार कोण सांभाळणार?"

टिल्लू तिच्याकडे न बघता घराकडे चालू लागला. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. पडदा दिवसाही ओढलेला असायचा. लेक ताईला हळूच विचारायची, "मामाची तब्येत बरी आहे ना?" आणि ताई म्हणायची, "तब्येत उत्तम आहे. तो चिडलाय. माणसं चिडतात."

काम सोडण्याचं मनात घेऊनच ती सिस्टरकडे गेली. सिस्टर संस्थेच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून बसली होती. विश्वस्तांची बैठक नुकतीच उठली होती आणि बहुतेकांचं म्हणणं एकच पडलं होतं: दार मागे घ्या आणि विषय संपवा.

"मलाही तसंच वाटायला लागलंय," सिस्टर म्हणाली. "रागावू नकोस. वॉर्डात माझी माणसं रोज सकाळी पिशवी भरून खाटेवर बसतात. आज न्यायला येणार म्हणून. त्यांना काय सांगू? आमच्या आर्किटेक्टबाईंना दार पुढेच हवंय, तोवर थांबा?"

हा घाव वर्मी बसला. ताई पाणी प्यायली.

"आज दार मागे घेतलं," ती म्हणाली, "की उद्या सांगतील, पुढच्या खोलीत बसू नका. परवा सांगतील, संध्याकाळी रस्त्यावर दिसू नका. आपणच मान्य केलेलं असेल ना, की ही माणसं लपवायची आहेत? मग कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आणि कंडक्टरच्या मुलांना मी काय सांगू, तुमच्या शाळेचा रस्ता कचऱ्याच्या डब्यांमधून आहे, कारण तुमचे शेजारी वॉर्डातून आलेत?"

"बोलायला सोपं आहे."

"सिस्टर, तुमच्या वॉर्डाचं दार कुठे होतं?"

सिस्टरने मान वर केली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मागे," ती म्हणाली. "शवागाराच्या शेजारून."

ताईने मग काम सोडण्याची गोष्ट काढली. मी बाजूला झाले तर भावाला घर मिळेल, ती म्हणाली.

"मिळेल," सिस्टर म्हणाली. "बोळातून. तू गेल्यावर नव्या आर्किटेक्टकडून विश्वस्त आठवड्यात दार हलवून घेतील." मग जरा थांबून, "तुझं तू ठरव. माझं मी बघते," म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. तिचा होकार की नकार, ताईला काही उमगलं नाही.

ताईने काम सोडलं नाही. सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. सुनावणी घेणारा अधिकारी दमलेला, सर्दी झालेला, हातात रुमाल. रस्त्यावरचे बहुतेक लोक आले होते. ताईने आदल्या दिवशी टिल्लूला एवढंच सांगितलं होतं, की डॉक्टर काढायच्या आधी मीच तुझ्या अर्जाचा विषय काढणार. तो "बरं" म्हणाला होता. येणार का, ते बोलला नव्हता. पण शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या वर निघालेलं त्याचं डोकं तिला दिसलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

डॉक्टर बोलले. नेहमीसारखे गोड. आम्ही माणुसकी जाणतो, आमचा इमारतीला विरोध नाही, फक्त दार. म्हातारे आईवडील, लहान मुलं, रस्त्याची शोभा. "आणि काही गोष्टी अशाही आहेत," शेवटी ते म्हणाले, "ज्या इथे न बोललेल्या बऱ्या."

"बोलू या की," ताई उभी राहत म्हणाली. "डॉक्टर संकोच करतायत, म्हणून मी सांगते. माझ्या भावाने या इमारतीत घरासाठी अर्ज केलाय. मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. नियमाप्रमाणे—"

"माझा अर्ज आहे," मागून आवाज आला. "मी बोलतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. टिल्लू उभा राहिला आणि खुर्च्यांच्या रांगांमधून पुढे आला. त्याने हात मागे बांधले, वर्गात बांधायचा तसे. पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय गेलेली नव्हती.

"अर्ज मी आज सकाळी लेखी मागे घेतलाय. साहेबांच्या कारकुनाकडे प्रत दिलीय. कुणी टाळ्याबिळ्या वाजवू नका, मी त्यागमूर्ती नाही. मला घर हवं होतं. अजूनही हवंय. माझ्या बहिणीने नियमाचं मला सांगितलं तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. अजून गेलेला नाही."

मागे कुणीतरी हसलं. टिल्लूही किंचित हसला.

"मला आजार आहे. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, फक्त माझ्यासमोर बोलत नाही. मी याच रस्त्यावर वाढलो. या डॉक्टरांनी माझा पहिला दात काढला. तेव्हा मला पुढच्या दाराने आत घेतलं होतं. परवाही पुढच्या दारानेच गेलो. आजार होताच की माझ्याबरोबर! काही बिघडलं का डॉक्टर, तुमच्या दाराचं?"

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"मी बोळ बघून आलोय. तुमच्यापैकी किती जणांनी बघितलाय? तुमच्या सगळ्यांच्या घराची पाठ आहे तिथे. तुम्ही तिथे कचरा ठेवता. मला कचऱ्याची लाज नाही, पण माझ्या घराचा पत्ता सांगताना 'डब्यांच्या पुढे' असं मी सांगणार नाही. तुम्हाला आमची भीती वाटते ना? मग आम्हाला उजेडात ठेवा. दिसू द्या आम्हाला. जे दिसत नाही त्याचीच भीती वाढते, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी तेच ऐकत आलोय ना, न दिसणारं."

तो थांबला. जवळच्या खुर्चीची पाठ धरली. एक क्षण ताईला वाटलं की तो कोसळतोय, आणि ती उठायला लागली. पण त्याने हातानेच तिला बस म्हणून खूण केली. "झालं माझं," म्हणाला आणि होता तिथल्याच एका रिकाम्या खुर्चीत बसला. शेजारची बाई जरा सरकली, मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, परत होती तिथे आली.

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "संस्थेचं काय म्हणणं?" त्याने विचारलं. "दार मागे घ्यायला तुमचे विश्वस्त तयार आहेत, असं माझ्या कानावर आलंय."

सिस्टर उठली. विश्वस्त पहिल्या रांगेत ओळीने बसले होते. त्यांच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"संस्थेची प्रमुख मी आहे. दार पुढे राहील, नाहीतर आम्ही अर्जच मागे घेतो. बांधा पार्किंग. आणि उद्घाटनाला मला बोलवा. मी माझी माणसं घेऊन येईन, आणि तुमच्या फितीशेजारी त्यांना उभं करीन, पिशव्यांसकट. पेपरवाल्यांना काय सांगायचं ते डॉक्टर सांगतील, त्यांचा आवाज गोड आहे."

एका विश्वस्ताने बसल्या बसल्या तिच्या पदराचं टोक हळूच ओढलं. "अहो सिस्टर..."

"पदर सोडा," ती म्हणाली. "वॉर्डात अशांना मी इंजेक्शन द्यायची."

हशा झाला, आरडाओरडाही झाला. सुनावणी तिथेच आटोपली.

निकालाचं पत्र यायला बरेच दिवस लागले. दार मुख्य रस्त्यावरच मंजूर झालं. काचाही मंजूर झाल्या. पण संघाला काहीतरी द्यायचं म्हणून अधिकाऱ्याने वरचा मजला छाटला. समोरच्या घरांवर सावली पडते, हे कारण. ताईने अपील केलं. सावलीचे नकाशे काढले, उन्हाळ्याचे, हिवाळ्याचे, सकाळचे, दुपारचे. सावली कुणाच्याच घरावर पडत नव्हती. अपील फेटाळलं गेलं. वरच्या मजल्यावरची घरं गेली ती गेलीच. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी सिस्टर वॉर्डात गेली आणि कुणाकुणाला अजून थांबावं लागेल ते तिने स्वतः, प्रत्येकाच्या खाटेवर बसून सांगितलं. ताईला तिने बरोबर नेलं नाही. "तू बांध," एवढंच म्हणाली.

ताईने बांधलं. पाया भरताना तिने मिस्त्रीला तीनऐवजी चार मजल्यांचं वजन पेलेल असा पाया घालायला लावला. नगरपालिकेच्या इंजिनिअरने विचारलं तेव्हा म्हणाली, "सरकारं बदलतात, अधिकारी बदलतात. पाया बदलता येत नाही."

माणसं राहायला आली तेव्हा रस्त्यावरचे लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. वॉर्डातून आलेल्या एका मावशींनी दारातून आत जाऊन परत बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन बघितलं, कुणी अडवतं का म्हणून. कुणी अडवलं नाही. कंडक्टरच्या पोरीने त्यांना विचारलं, "काही राहिलं का बाहेर?" मावशी म्हणाल्या, "नाही गं, नुसतं करून बघतेय."

डॉक्टर बदलले वगैरे नाहीत. त्यांनी दवाखान्याच्या खिडकीला जाड पडदा लावला, तो अजून आहे. ताई आता दाढेसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथला डॉक्टर तिला मुळीच आवडत नाही, तो बोलतच नाही म्हणून.

टिल्लूचा राग उतरायला वेळ लागला. उतरला तेव्हा तो एकदम नाही उतरला. एके दिवशी त्याने ताईच्या साडीलाही इस्त्री केली, दुसऱ्या दिवशी पडदा उघडा राहिला. मग तो दुपारी नव्या इमारतीत जायला लागला. अंगणात बसून कंडक्टरच्या पोरांना नकाशे शिकवायचा आणि घरी येऊन ताईच्या चुका सांगायचा. जिन्याचा कठडा गार पडतो. गॅलरीतल्या बाकावर दोघं बसली तर तिसरा जाताना त्यांना पाय आखडून घ्यावे लागतात. ताई ऐकायची आणि म्हणायची, "सूचना पोचल्या, मास्तर."

एका रविवारी तो ओट्यावर मोठा कागद पसरून बसलेला तिला दिसला. शहराच्या पलीकडच्या भागात तशीच दुसरी इमारत होणार होती, वेगळ्या संस्थेची, वेगळ्या आर्किटेक्टची. टिल्लूने तिथे अर्ज केला होता आणि नगरपालिकेतून नकाशाची प्रत काढून आणली होती.

"हे बघ." त्याने बोट ठेवलं. "निम्म्या घरांच्या खिडक्या उघडतच नाहीत. नुसत्या काचा. आणि ती निम्मी घरं कुणाची, सांग?"

ताई वाकून बघायला लागली. खरंच होतं. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सुरक्षेच्या दृष्टीने.

"पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे," टिल्लू म्हणाला. "मी जाणार आहे. ही तुटक रेघ म्हणजे काय ते तेवढं समजावून सांग."

ताईने खुर्ची ओढली. "तुटक रेघ म्हणजे वरून जाणारी तुळई. थांब, मी पण येते तुझ्याबरोबर. त्या आर्किटेक्टला मी ओळखते, मी बोलते त्याच्याशी."

"अजिबात नाही!" टिल्लूने कागद स्वतःकडे ओढून घेतला. "तू त्या इमारतीच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहू नकोस. नातं निघालं की पुन्हा घोटाळा. मी एकटा जाणार, आणि खिडक्या उघडून घेऊनच येणार."

त्याने पेन्सिल कानावरून काढली आणि टोक करायला ब्लेड शोधू लागला. "हं, सांग," तो म्हणाला, "आणि ही तिरकी रेघ?"